मोटारीचा मोकळा सांगाडा हलवताना



आपली बैलगाडी जुनी झाली तर आपण काय करतो? साटा मोडला तर सुतार नवा साटा करून देतो. चाकाची धाव झिजली तर लोहार नवी चढवतो. आख वाकला तर तोही बदलता येतो. गाडीचा प्रत्येक भाग सुटा आहे, म्हणून एकाचे दुखणे दुसऱ्याला लागत नाही. मोटारीचेही असेच असेल असे पुष्कळांना वाटते. सगळ्याच मोटारी तशा नसतात, आणि हे न कळल्यामुळे चांगल्या गाड्या रस्त्यात वाया जातात.

हा विषय निघाला तो नाशिक जिल्ह्यातल्या एका भगिनीच्या पत्रावरून. त्या लिहितात, “मामंजींनी १९७८ साली पहिल्या द्राक्षबागेच्या पैशातून प्रीमियर पद्मिनी घेतली. वस्तीवरची ती पहिली मोटार. किती बाळंतिणी आणि किती साप चावलेली माणसे त्या गाडीतून तालुक्याला गेली त्याची गणती नाही. वीसेक वर्षांपासून ती गोठ्याच्या पडवीत उभी आहे. मामंजी गेल्या वर्षी वारले. मुलगा आयटीआय झाला आहे. त्याने गाडी पुन्हा उभी करायचे मनावर घेऊन इंजिन, काचा, सीटा सगळे उतरवले. पत्राकाम करणारा मिस्त्री चाळीस किलोमीटरवर शहरात आहे. शेजारी ट्रॅक्टर-ट्रॉली द्यायला तयार आहेत, पोरे दहा-बारा आहेत. आख आणि चाकेही काढून गाडी हलकी करू, असे मुलगा म्हणतो. आमचे मालक म्हणतात, कशाला खर्च, भंगारात द्या. मला भीती वाटते ती वेगळीच. ही सगळी पोरे त्या ट्रॉलीवर बसून जातील. काय करावे?”

ताई, तुमची भीती अगदी रास्त आहे. तिच्याकडे येतोच. आधी मुलाला सांगा, आख आणि चाके काढू नकोस. का, ते आता पाहू.

जीप वेगळी, फियाट वेगळी

जुन्या जीपची रचना बैलगाडीसारखी. खाली लोखंडी चॅसी म्हणजे शिडीसारखी भक्कम चौकट, आणि तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी. बोल्ट काढले की बॉडी वेगळी आणि चॅसी वेगळी. अशी बॉडी नेताना थोडी पिळली तरी चॅसीवर पुन्हा बसवताना ती बरीचशी जागेवर येते.

फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, तशी नाही. अँबेसेडर आणि मारुती ८०० याही तशा नाहीत. यांना वेगळी चॅसी नसते. जमिनीचा पत्रा, दाराखालचे उंबरठे, चौकटीचे खांब, टप आणि मागचा-पुढचा पत्रा हे सगळे एकमेकांना वेल्ड करून एकच डबा केलेला असतो. गाडीची ताकद त्या डब्यात असते.

घरातली काडेपेटी घ्या. आतला खण जागेवर असताना कोपरा दाबून पाहा, पेटी हलत नाही. खण काढा आणि नुसते कव्हर दाबा. लगेच तिरके होते. मोकळ्या मोटारीचेही थोडेफार असेच होते. काचा गेल्या, दारे गेली, आणि त्यात उंबरठे गंजलेले असले, तर नुसत्या डब्याचा पीळ सोसण्याचा जोर फार कमी होतो. असा सांगाडा दोन कोपऱ्यांवर उचलला, खड्ड्यात आदळला किंवा दोराने भलतीकडे आवळला की तो तिरका होतो. डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते रंग झाल्यावर, दारे लागेनाशी होतात तेव्हा. तोवर पैसे खर्च झालेले असतात.

ही गाडी कुठली?

नव्या पिढीला माहीत नसेल म्हणून दोन शब्द. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला साखर कारखाना उभारणारे ते हेच. कंपनीचा मोटारीचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० या गाडीचे नवे रूप १९६४ पासून तिथे बनू लागले. तिलाच १९७४ च्या सुमारास पद्मिनी हे नाव मिळाले. तरी लोकांच्या तोंडी फियाटच राहिली. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून तिने फार मोठी सेवा केली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ साली झाली होती. वीस वर्षांची मुदत भरल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून उतरली.

आधी परीक्षा, मग प्रवास

सांगाडा हलवण्यापूर्वी तो हलवण्याच्या लायकीचा आहे का, हे घरीच पाहावे. बैल बाजारात नेण्याआधी आपण त्याचे खूर पाहतो, तसेच हे.

जुना पेचकस घ्यावा. दाराखालचे उंबरठे, पायाखालचा पत्रा, मागचे पाटे जिथे टांगलेले असतात त्या जागा, आणि पुढचे सस्पेन्शन जिथे बोल्टने बसते त्या जागा टोचून पाहाव्यात. गोठ्याजवळ उभ्या गाडीला ओल आणि मूत्राची वाफ लागते, तिचा खालचा पत्रा आधी जातो. पेचकस टणकन वाजला तर ठीक. नुसता आत घुसला तर तिथे लोखंड उरलेले नाही, रंगच आहे. पायाखालचा पत्रा गेला तर नवा बसतो. उंबरठेही बसतात, पण काम वाढते. पाट्यांच्या आणि सस्पेन्शनच्या जागाच चाळणी झाल्या असतील तर खर्च फार होईल. असे असेल तर मिस्त्रीला एक दिवस भाडे देऊन घरी आणावे आणि त्याचे मत घ्यावे. त्याचे जाण्यायेण्याचे भाडे तुमच्या टेंपोभाड्याहून नक्की कमी पडेल.

यानंतर मापे घ्यावीत. घराचा पाया आखताना गवंडी दोन्ही कर्ण मोजतो. कर्ण सारखे आले तर चौकोन गुण्यात. इथेही तसेच करावे. दाराच्या मोकळ्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. डाव्या बाजूचे उजव्याशी ताडून पाहावेत. पुढच्या काचेच्या चौकटीचेही मोजावेत. वहीत लिहावे, तारीख घालावी, फोटो काढावेत. गाडी शहरात उतरली की तीच मापे पुन्हा घ्यावीत. फरक पडला तर वाटेत पडला हे तिथल्या तिथे कळते, आणि पुढे कोणी कोणाला दोष देत नाही.

उंबरठे कमजोर असतील तर दारे काढू नयेत. ती बंद करून, कडीला दोरी बांधून ठेवावीत, तेवढाच आधार. दारे आधीच निघाली असतील तर दोन्ही खांबांच्या मध्ये एक इंची चौकोनी पाइप आडवा आणि एक तिरका वेल्ड करून घ्यावा. हा ठेपा मिस्त्रीने नवे उंबरठे बसवीपर्यंत काढायचा नाही. आणि एक गोष्ट विसरू नये. वेल्डिंगची ठिणगी पडण्याआधी पेट्रोलची टाकी आणि नळ्या गाडीतून काढून दूर न्याव्यात. टाकी वीस वर्षे रिकामी असली तरी आत वाफ असू शकते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते.

चाके शेवटी काढावीत

आता चाकांचे. पूर्ण पद्मिनी साधारण नऊशे किलो भरते. इंजिन, गिअरबॉक्स, सीटा, काचा उतरल्या की गाडी बरीच हलकी होते. आखही काढले तर आठ-दहा धडधाकट माणसे ती उचलतील हे खरे. पण आख काढल्यावर तिला ठेवायचे कशावर? जमिनीच्या पत्र्यावर ठेवली तर पत्रा दबतो, उंबरठ्यावर ठेवली तर उंबरठा चेपतो.

चाकांवर असली की गाडीचे ओझे तिच्या कर्त्यांनी ठरवलेल्या जागांवरच पडते. खड्ड्याचा दणका पाटे आणि स्प्रिंगा खातात, सांगाड्याला कमी पोचतो. वर ढकलून चढवता येते, वळवता येते, आणि मिस्त्रीच्या आवारात इकडेतिकडे सरकवता येते. म्हणून टायरमध्ये हवा भरावी, स्टिअरिंगच्या दांड्या जागेवर ठेवाव्यात, आणि आख तिकडे पोचल्यावरच काढावेत.

ज्यांचे आख आधीच निघाले आहेत त्यांनी चार-तीन इंची लाकडाच्या दोन लांब तुळ्या आणि दोन आडव्या तुळ्या जोडून पाळणा करावा. सस्पेन्शनच्या आणि पाट्यांच्या मूळ जागांखाली ठोकळे येतील असे पाहावे, बोल्टची भोके असतील तिथे बोल्टने आवळावे, आणि मध्ये जुन्या टायरचे तुकडे घालावेत.

ट्रॉली नको, टेंपो बरा

पद्मिनी जवळजवळ तेरा फूट लांब आणि पाच फुटांना थोडी कमी रुंद आहे. आपली ट्रॉली बहुधा दहा-अकरा फुटांची. म्हणजे दोन फूट शेपूट बाहेर. बऱ्याच ट्रॉल्यांना पाटे नसतात, खड्डा थेट मालाला लागतो. शिवाय शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॉलीतून शहरात मोटार नेताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात मर्यादेबाहेर माल पुढे, मागे किंवा बाजूला आला तर वीस हजार रुपये दंड आहे, आणि तो माल उतरवण्याचा खर्च वेगळा. छोटा हत्ती आणि पिकअपही लांबीला पुरत नाहीत. चौदा फुटी हौद्याची आयशर किंवा बंद पडलेल्या गाड्या नेणारी सपाट हौद्याची गाडी पाहावी. द्राक्षे किंवा कांदा शहरात टाकून रिकामी परतणारी गाडी मिळते, पण आपल्याला जायचे आहे शहराकडे. म्हणून शहरातून खत किंवा सिमेंट आणून वस्तीवर उतरवणाऱ्या गाडीवाल्याशी आधी बोलून ठेवावे. त्याची परतीची फेरी रिकामी असते, भाडे बेताचे पडते.

चढवणे

जनावरे टेंपोत कशी चढवतो? बांधाला किंवा उंचवट्याला टेंपो मागून लावून. तेच करावे. हौदा आणि बांध यांत जाड फळ्या टाकाव्यात, फळ्या सरकू नयेत म्हणून मागे पहारी ठोकाव्यात. दोर पुढच्या सस्पेन्शनच्या तुळईला बांधावा, बंपरला नाही. ओढताना दोर हौद्याच्या पुढच्या लोखंडी खांबाला एक वेढा देऊन ओढावा, म्हणजे हात सुटला तरी गाडी धडधडत मागे येत नाही. दोघांनी चाकांमागे पाचर सरकवत चालावे, पण बाजूने. गाडीच्या उतारावर, थेट मागे, कोणीही उभे राहायचे नाही. सूचना एकानेच द्याव्यात. बारा जण ओरडू लागले की हमखास एकाचा पाय सापडतो.

मोकळ्या पत्र्याच्या कडा विळ्यासारख्या असतात. हातमोजे आणि बूट सगळ्यांना हवेत. चपला घालून हे काम करायचे नाही.

गावात जेसीबी असतो, आणि “एका मिनिटात उचलून देतो” म्हणणारा कोणीतरी असतोच. त्याला नम्रपणे नाही म्हणावे. साखळी खिडक्यांतून घालून उचलले की सगळे ओझे टपाच्या कडेवर येते आणि टप मुडपतो. झाडाच्या फांदीला चेन-पुली टांगण्याचाही मोह टाळावा. फांदी आतून किडलेली आहे हे ती तुटल्यावरच कळते.

बांधणे

हौद्यात गाडी मधोमध घ्यावी. चारही चाकांच्या पुढे-मागे पाचरी ठोकाव्यात. बांधायचे ते आखाला आणि चाकाला, टपावरून नव्हे. टपावरून दोर टाकून आवळला की आपणच टप चेपतो. चारही कोपऱ्यांतून दोर खाली आणि बाहेरच्या बाजूला जावा. पुढचे दोर पुढे, मागचे मागे, म्हणजे ब्रेक लागला तरी गाडी सरकत नाही. सुंभाचा दोर भिजला-वाळला की ताण बदलतो, नायलॉनचा लांबतो. शहरात दातेरी कडीचे रुंद पट्टे मिळतात, टेंपोवाल्याकडेही असतात, ते उत्तम. पत्र्याच्या धारेवरून दोर जात असेल तर मध्ये जुनी ट्यूब किंवा गोणपाट घालावे.

सुटे पत्रे, बॉनेट, डिकीचे झाकण गाडीच्या आत भरून जागा वाचवू नये. आत आदळून ते नव्या पोचा पाडतात. वेगळे, गोधडीत गुंडाळून, उभे ठेवून बांधावेत.

निघाल्यावर पाच किलोमीटरवर थांबून सगळे दोर तपासावेत, मग प्रत्येक चहाला. वेग तीस-चाळीसच्या वर नको. हलका आणि मोठा माल वाऱ्याने आणि खड्ड्याने जास्त उडतो. प्रवास दिवसाच करावा. उसाच्या हंगामात अंधारात दिवे नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, त्यात आपली भर नको.

आता ताईंची भीती. हौद्यात मालाबरोबर एकही माणूस बसता कामा नये. दोर तुटला तर गाडीला पोच येईल, पोच निघते. त्या दोघांमध्ये सापडलेल्या पोराचे काय करणार? ओढायला आलेल्या पोरांना चढवून झाल्यावर घरी जेवू घालावे आणि घरीच ठेवावे. मुलाने केबिनमध्ये बसावे. उतरवायला माणसे मिस्त्रीकडे असतात, आधी फोन करून खात्री करावी. ताई, हे तुम्हीच उंबऱ्यात उभ्या राहून सांगा. आईचे बोलणे पोरे ऐकतात.

कागद आणि पैसा

गाडीचे आरसी बुक, मालकाचे ओळखपत्र आणि मिस्त्रीचा पत्ता केबिनमध्ये असावा. मोकळा सांगाडा दिसला की पोलीस चोरीच्या गाडीचा संशय घेतात, आणि तो त्यांचा दोष नाही. गाडी मामंजींच्या नावावर असेल तर वारस नोंद करून घ्यावी. मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करायचा असा नियम आहे. तुमची मुदत टळली असेल, तरी काम होते. आरटीओत जाऊन विचारावे, पण पत्र्यावर पैसा घालण्याआधी.

पत्र्यावर चॅसी नंबर ठोकलेला असतो. मिस्त्रीला लेखी सांगावे की तो तुकडा कापायचा नाही, घासायचा नाही. नंबर गेला तर चांगली गाडीही कागदावर बेवारस होते. २०२१ पासून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या खासगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. तुमच्या गाडीला २०२८ साली पन्नास वर्षे पुरी होतील. पण या नोंदणीसाठी चॅसी, बॉडी किंवा इंजिन बदलून टाकलेले चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून पत्रा मूळ घाटातच ठेवावा, टप कापून नवी फॅशन करू नये.

मिस्त्रीकडे काय काय सोपवले त्याची यादी करून सही घ्यावी. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. उंबरठे झाले, पाहिले, मापे जुळली, मग पुढचा हप्ता. सगळा पैसा आधी दिला की सांगाडा मागच्या आवारात जातो आणि त्यावर वेली चढतात. मुलाने दर पंधरा दिवसांनी जाऊन पाहावे. पत्रा घासून उघडा झाला की त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे. पावसाळी हवेत उघडे लोखंड एका रात्रीत तांबडे होते. हे काम दिवाळीनंतर धरावे.

मालकांच्या बोलण्यातही तथ्य आहे. जुनी फियाट उभी करून पैसा सुटत नाही, उलट जातो. म्हणून घरात बसून एक आकडा ठरवावा आणि वहीत लिहावा. पीककर्जाचा, बियाण्याचा किंवा शाळेच्या फीचा पैसा त्यात यायला नको. पेचकसाच्या परीक्षेत गाडी नापास झाली तर मालकांचे ऐकावे. पण तेव्हाही भंगारवाल्याला नुसती देऊन टाकू नये. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात देऊन पावती घ्यावी आणि आरटीओत नोंद रद्द करावी, नाहीतर कागदोपत्री गाडी तुमच्याच नावावर राहते. पास झाली तर मात्र मुलाला करू द्यावे. आजोबांची गाडी हाताने उघडणारा आणि प्रत्येक नट ओळखणारा मुलगा उद्या ट्रॅक्टरही दुसऱ्याच्या हाती देणार नाही. शेतकऱ्याच्या घरात ही कमाई कमी नाही.

नट-बोल्टांसाठी घरातले रिकामे डबे द्यावेत आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावावी: पुढचे डावे, पुढचे उजवे, मागचे. गाडी परत येईल तेव्हा हे डबेच आधी शोधले जातील.

पुढच्या अंकात: ट्रॅक्टर-ट्रॉलीची पिन आणि सुरक्षा साखळी. ऊसतोड सुरू होण्याआधी प्रत्येकाने तपासावी अशी गोष्ट.